कोट बघायला जाणारी बाई

कुवेतात आमच्या रत्नागिरीकडच्या लोकांनी मला ‘कोटवाली’ म्हणायला सुरुवात केली ती टिंगल म्हणून. शुक्रवारी, जुम्याच्या दिवशी, बाकीच्या बायका घरी बसून पापलेटाला मसाला लावत, आणि मी काळी अबाया घालून, डब्यात भाकऱ्या बांधून कुठला तरी पडका कोट नाहीतर जुनी कबर बघायला निघालेली असे. बाईमाणसाने कोट बघून करायचं काय, असं मला विचारायचे. पुरुषाने बघून तरी काय करायचं असतं? कोट काही कुणी उचलून घरी आणत नाही.

आता वय झालंय, आणि ज्यांचा धाक होता ती माणसं केव्हाच गेली. खरं सांगायचं तर धाक तेव्हाही नव्हता, असल्यासारखं दाखवावं लागायचं एवढंच. घरातली नातवंडं इंग्रजीत विचारतात, तेल निघण्याआधी कुवेतात काय होतं? त्यांना सगळ्यांनी ‘वाळू’ असं सांगून वाटेला लावलं आहे. वाळू होतीच. पण वाळूखाली काय होतं ते मी बघितलं आहे, आणि का बघत फिरले तेही एकदा नीट सांगून टाकणार आहे.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात आम्ही शर्क भागात राहायचो. मासळीबाजारापासून जवळ, मातीच्या जुन्या घरातली एक खोली. नवरा एका म्हाताऱ्या नाखुद्याच्या लाँचवर इंजिन सांभाळायचा. नाखुदा म्हणजे लाँचचा मालक आणि कप्तान, अस्सल कुवेती माणूस. ती लाँच फैलका नावाच्या बेटावर तांदूळ, घासलेट, गोडं पाणी असला माल पोचवायची, कधी बसऱ्यालाही जायची. आमच्या गावाकडचे बरेच पुरुष तिथे एकेकटे होते. ते एका मोठ्या खोलीत एकत्र राहत, आणि दर जुम्याला नमाजानंतर सगळे तिथेच जेवायला जमत. बिऱ्हाड करून राहिलेली आमच्यासारखी दोनतीन कुटुंबंही जात. या खोलीचे वडीलधारे म्हणजे चाचा. सख्खे कुणाचेच नाहीत, पण सगळ्यांचे चाचा. जनाजाची नमाज तेच पढवीत, भांडणं तेच मिटवीत, आणि बायकांनी काय करायचं नाही हेही तेच ठरवीत.

पहिल्याच उन्हाळ्यात माझी मुलगी गेली. पालथं पडायला नुकती शिकली होती, एवढंच तिचं वय. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि एका सकाळी ती दूध घेईना. दुपारच्या नमाजापर्यंत तिला न्हाऊ घालून कफनात गुंडाळूनही झालं. इतक्या लहान मुलाला जनाजाची खाट लागत नाही. नवऱ्याने तिला दोन्ही हातांवर घेतलं, पुरुष त्याच्या मागे गेले, आणि मी उंबऱ्यापाशी उभी राहिले.

संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं, “कुठं ठेवलाव तिला?”

“कबरस्तानात.”

“कबरस्तानात कुठं?”

उत्तर चाचांनी दिलं. “बायकांनी इतकी चौकशी करायची नसता. अल्लाच्या हवाली केला, झाला.”

झालं म्हणे. यांचं झालं असेल.

आमच्या गावातही बायका कब्रस्तानात जात नाहीत. पण तिथे कब्रस्तानाला दगडी गडगा आहे, आणि तो कंबरेएवढाच आहे. माझी आई दर जुम्याला गडग्याबाहेर उभी राहून आपल्या गेलेल्या मुलांसाठी फातिहा पढायची. कुठला मुलगा काजूखाली आहे, कुठला विहिरीच्या बाजूला, ते तिला पाठ होतं. कबरींवर सब्जा लावलेला असे, त्याला पाणी घालायला ती घरच्या पुरुषांना पिटाळायची. नियम पाळला जायचा आणि आईचं कामही व्हायचं. आमच्या जुन्या माणसांना अक्कल होती असं मला वाटतं, ती त्यांनी गडग्याच्या उंचीत ठेवली होती.

कुवेतात तसं काही नव्हतं. कब्रस्तान शहराच्या वेशीबाहेर, आणि त्याची भिंत पुरुषभर उंच. आत कबरीवर काही बांधायची पद्धत नाही. वाळूचा उंचवटा, फार तर उशाशी एखादा दगड, त्यावर नाव नाही. वारा सुटला की उंचवटाही बसतो. मला काही मजार बांधायचा नव्हता. एकदा, फक्त एकदा, माझ्या मुलीच्या समोर उभं राहायचं होतं. माझा नवरा तसा साधा माणूस, मला त्याने आयुष्यात कशाला नाही म्हटलं नाही. पण हा विषय काढला की तो पायांत चपला सरकवून बाहेर पडायचा, आणि उंबऱ्यातून म्हणायचा, “चाचा नको म्हनतात.”

त्याच हिवाळ्यात कुवेतची जुनी मातीची भिंत पाडली. शहराला वेढून होती ती, मधेमधे बुरूज. गाड्या वाढल्या, रस्ते करायचे होते, भिंत अडचणीची झाली. वेशी तेवढ्या ठेवल्या. नवरा तेव्हा लाँचबरोबर बसऱ्याला गेला होता, तो परत आला तर भिंत भुईसपाट. त्या दिवशी तो जेवला नाही. मी चिडवलं, “तुमच्या बापानं बांधलीन होती काय ती?” नंतर मी ते विसरूनही गेले.

त्यानंतर तो मला फिरायला नेऊ लागला. आपण बायकोला एक गोष्ट देत नाही याची टोचणी त्याला होती, आणि मी तिचा पुरेपूर फायदा घेतला. “कुठं जायाचा तुला?” असं त्याने विचारलं की मी म्हणायची, “कबरस्तानात.” तो म्हणायचा, “ता सोडून.” मग मी म्हणाले, “मंग कोट दाखवा.”

यात माझा एक हिशेब होता. आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी कोट असतो आणि कोटात पीर असतो. तटबंदी पडलेली असेल, तोफा समुद्रात गेलेल्या असतील, पण पिराची कबर चुना लावून जागच्या जागी. बाईने पिराला जायला कुणाची हरकत नसते. मी मनाशी म्हटलं, इथेही कोट असेल तिथे पीर असणारच. आपल्या मुलीची कबर दाखवत नाहीत ना, मग दुसऱ्याच्या कबरीपाशी बसू.

पहिला कोट बघितला तो जहऱ्याचा. शहरापासून दूर, खजुरीच्या बागा आणि भाजीचे वाफे असलेलं ते खेडं. भाजी आणणाऱ्या ट्रकात पुढे बसून आम्ही गेलो. लालसर मातीचा चौकोनी कोट, चार कोपऱ्यांना चार बुरूज. आमच्या जलदुर्गांपुढे तो धाकटा भाऊ वाटावा, पण होता तोऱ्यात. राखणीला एक म्हातारा अरब बसला होता. मी आत जाऊन चारी कोपरे धुंडाळले, विहीर बघितली, घोड्यांची जागा बघितली, आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हटलं, “ताला इचारा, पीर कुठं हाय?”

नवऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्याने आपल्या मोडक्या अरबीत विचारलं. म्हातारा आधी गोंधळला, मग हसला. कोटात कबर कशाला असेल, म्हणाला. पूर्वी इथे लढाई झाली तेव्हा पडलेल्या माणसांना बाहेर पुरलं, त्या तिकडे. तिकडे म्हणजे कुठे? त्याने हात फिरवून सगळी वाळू दाखवली. कुठली कुणाची ते अल्लाला ठाऊक.

मी त्या वाळूकडे तोंड करून बसले आणि फातिहा पढले. नवऱ्याने विचारलं, “कुनासाठी?”

“ज्यांची कबर कोन दाखवीत नाय, तांच्यासाठी.”

तो तिथून उठला आणि ट्रकाकडे जाऊन उभा राहिला. मला वाटलं, बरं झालं, झोंबलं ते.

मग मला नादच लागला, आणि त्यात दोनतीन वर्षं गेली. शहराच्या राहिलेल्या वेशी मी एकेक करून बघितल्या. फहाहीलकडे नवऱ्याच्या दोस्ताकडे गेलो तेव्हाही, इथे जुनं काही आहे का, असं विचारून मी दोस्ताच्या बायकोला भंडावलं. ती म्हणाली, जुनी मीच काय ती. कोटवाली हे नाव तेव्हाच पडलं. मी म्हटलं, पडू द्या. नाव ठेवणाऱ्याचं तोंड दुखतं, माझे पाय नाहीत दुखत.

पण खरा कोट फैलका बेटावर निघाला. उत्तरेकडच्या कुठल्या तरी थंड मुलखातले गोरे लोक तिथे दर थंडीत येऊन खणत होते. नवऱ्याची लाँच त्यांचं सामान पोचवायची. एकदा जेवताना तो सहज बोलून गेला की बेटावर जमिनीखालून आख्खा कोट बाहेर येतोय. दुसऱ्या खेपेला मी धक्क्यावर हजर. नवरा नाखुद्याच्या तोंडाकडे बघू लागला. बाई मालाच्या लाँचवर कशी चढवायची?

नाखुदा तरुणपणी खजूर घेऊन मुंबईला जायचा आणि सागवान घेऊन परतायचा. रत्नागिरीच्या दीपगृहाचा दिवा त्याने समुद्रातून कितीदा पाहिला होता. मुंबईची हिंदी तो आमच्यापेक्षा फर्डी बोलायचा. तो म्हणाला, “मेरी माँ इसी रास्ते खिजर को जाती थी. बैठने दो.”

खिजर म्हणजे आपला ख्वाजा खिजर, पाण्यावरचा वली. आमच्याकडे त्याच्या नावाने खाडीत दिवा सोडतात. फैलक्याला अगदी लाटांपाशी त्याचं एक लहानसं ठाणं होतं, आणि तिथे बायकांची ही गर्दी. कुवेती, इराणी, इराकी. कुणी हलवा वाटत होती, कुणी भिंतीला गुलाबपाणी शिंपडत होती. पोट पिकू दे, पोर जगू दे. मागणं कळायला भाषा लागत नव्हती. शहरातले मौलवी या बायकांना नावं ठेवतात असं नाखुदा सांगत होता. आणि बायका नावं ऐकत, मान हलवत आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा येत. मला फार बरं वाटलं तिथे. म्हटलं, घरोघरी मातीच्या चुली, आणि घरोघरी चाचा.

कोट बेटाच्या गावापासून जवळ होता. दगडी पाया, चौकोनी, कोपऱ्यांना बुरूज, आत देऊळ असावं तशी जागा. बेटावरचे मजूर घमेल्यांनी माती वाहत होते आणि गोरे साहेब तांदूळ निवडायला बसल्यासारखे उकिडवे बसून कुंच्यांनी माती झाडत होते. एका ठिकाणी भिंतीचे दगडच गायब होते, कुणी तरी घर बांधायला पळवले असावेत. तरी मातीच्या रंगावरून भिंत कुठून कशी गेली होती ते दिसत होतं. भिंत नेली तरी तिची जागा नेता येत नाही, ही गोष्ट मी तिथे शिकले.

एका फळीवर फुटक्या मडक्यांचे कान ओळीने मांडले होते. काही कानांवर ठसा होता, फुलासारखा. आमच्याकडे आंब्याच्या पेटीवर बागायतदाराचा छाप असतो तसा. मी बोट दाखवल्यावर नाखुदा हसला. “शराब का मटका है. बहुत दूर टापू है, अंगूर का मुल्क. वहाँ से भर के आता था, सिपाही लोग पीते थे.” म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी बेटावर राहणाऱ्या परक्या शिपायांसाठी गावाकडची दारू समुद्रातून येत होती, आमच्यासाठी गावाहून कोकमं आणि सुकट येते तशी. माझ्या डोळ्यांसमोर तो द्राक्षांचा मुलूख उभा राहिला. डोंगरउतार, वेली, खाली धक्का, आणि धक्क्यावर मडकी चढवताना ओरडणारी माणसं. बायका घरी, पुरुष पैशासाठी परमुलखात. यात मला अनोळखी असं काहीच वाटलं नाही.

मी त्या थंडीत तीनचारदा गेले. शेवटच्या खेपेला आम्ही पोचलो तेव्हा खणणं थांबलेलं होतं. कोटाच्या तटाबाहेर सगळे एका खड्ड्याभोवती जमले होते, आणि म्होरक्या साहेबाने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. खड्ड्यात तसलंच एक मडकं आडवं होतं. त्याची एक बाजू कापलेली, आत बारीक काड्यांसारखं काही तरी. नाखुदा वाकून बघून आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “बच्चा है.”

दारूचं रिकामं मडकं, आणि त्यात कुणी तरी आपलं मूल ठेवलं होतं. दुसरं काय असणार त्या बेटावर त्यांच्याजवळ? मी खड्ड्याच्या काठावर बसले, हात उचलले आणि फातिहा पढले. मजूर बघत होते. बरोबरच्या बाटलीतलं पाणी ओतायला गेले तेव्हा मात्र साहेबाने हात आडवा केला. पण रागाने नाही. मग त्याने मडक्याच्या तोंडाशी उभा रोवलेला एक दगड दाखवला आणि मोडक्या अरबीत काही तरी सांगितलं.

नाखुदा म्हणाला, “बोलता है, ये पत्थर अपने आप नहीं आया. निशानी के लिए रखा है, माँ-बाप ने.”

परतताना समुद्र शांत होता आणि माझ्या डोक्यात वणवा. त्या दगडाने मला पेटवलं. दारू पिणाऱ्या, मूर्तीपुढे वाकणाऱ्या, नाव-गाव पुसून गेलेल्या त्या लोकांनी आपल्या लेकराच्या उशाशी दगड ठेवला, आणि हजारो वर्षांनी तो परक्या माणसाला सापडला. त्या आईला आपलं मूल कुठे आहे ते ठाऊक होतं. मी मात्र त्याच शहरात राहून, कब्रस्तानाच्या भिंतीजवळून कितीदा जाऊन, अडाणीच्या अडाणीच.

ही बातमी माझ्याआधी चाचांच्या खोलीत पोचली. पुढच्या जुम्याला जेवणं झाली, पुरुष दस्तरखानावर बसलेलेच होते, आम्ही बायका दाराशी. चाचांनी दाढीवरून हात फिरवला. मी ओळखलं, आता माझी पाळी.

“दारूच्या मडक्यावर फातिहा पढलीस काय तू?”

“मडक्यात दारू होती तवा होती. मंग तात मूल होता. मी मुलावर पढले.”

“कोनाचा मूल? काफराचा की कोनाचा, म्हाईत हाय काय तुला?”

“चाचा, हर मूल अल्लाच्या दीनावरच जन्माला येता, मंग आईबाप ताला दुसरा काय ता करतात. ह्या तुमीच सांगलाव, ह्याच जागेवर बसून. त्या पोराला बोलता पन येत नव्हता. ता काफर कवा झाला?”

कुणी तरी खोकलं. चाचांनी माझ्या नवऱ्याकडे मोर्चा वळवला. बायकोला मोकळी सोडलीस, कोट दाखवलेस, आता ती मडकी पुजायला लागली. नवरा खाली मान घालून बसला होता. एरवी मी गप्प बसले असते. पण तो दगड माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

मी म्हटलं, “तांच्यावर रागावू नुको. तांनी तुमचाच ऐकला. माझी पोरगी कुठं हाय ता तांना म्हाईत हाय, पन तुमी नको म्हनताव म्हनून सांगीत नायत. आज तुमीच तांना सांगा, दाखव म्हनून. नायतर मी एकेक कबर इचारीत फिरेन, आनि कोटवालीला पाय हायत ह्या तुमाला म्हाईतच हाय.”

चाचा म्हणाले, “बायकांनी कबरस्तानात…”

“चाचांचा काय नाय तात,” माझा नवरा मधेच बोलला. “मीच दाखवीत नाय. माना सापडत नाय ती.”

मग त्याने सांगितलं. त्या दिवशी त्याने कबरीवर दगड ठेवला नव्हता. दगडांचा भरवसा काय, कुणीही उचलतं, असं त्याला वाटलं. तो खाडीवर वाढलेला माणूस. आमच्याकडे समुद्रात मासळीची जागा लक्षात ठेवतात ती किनाऱ्यावर खूण धरून. पुढचा माड आणि मागचं शिखर एका रेघेत आलं पाहिजे, दुसरीकडे देवळाचा कळस आणि खडक एका रेघेत. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे होडी थांबवायची, चूक होत नाही. बापजाद्यांनी ती विद्या शिकवली होती आणि तिने कधी दगा दिला नव्हता. तशीच त्याने मुलीची जागा धरली. एका बाजूला शहराची वेस आणि तिच्यामागच्या मशिदीचा मिनार एका रेघेत. दुसऱ्या बाजूला भिंतीचा कोपऱ्यावरचा बुरूज आणि त्यामागची एका व्यापाऱ्याची उंच माडी. त्याला वाटलं, बुरूज कुठे जातोय?

तो बसऱ्याहून परतला तेव्हा बुरूज गेला होता. माडीही पुढे पाडली.

“मी कितीदा जाऊन बघितला,” तो म्हणाला. “सगल्या कबरी सारख्याच दिसतात. तुला काय सांगायचा होता? पोरगी हरवली म्हनून सांगू?”

इतकी वर्षं मी ज्याला चाचांचा हुकूम समजत होते तो त्या माणसाचा लपलेला आकांत होता. वाईट वाटलं का? वाटलं. राग आला का? त्याहून जास्त आला. नवऱ्याचाही आला, बुरूज पाडणाऱ्यांचाही आला. आणि आपलं नाव पुढे करून दुसरा माणूस तोंड लपवतोय हे इतकी वर्षं न कळलेल्या चाचांचाही.

मी विचारलं, “वेस हाय ना अजून? पाडली नाय ना?”

“हाय.”

“मिनार?”

“हाय.”

“मंग अर्धी खून हाय. उठा.”

चाचांनी पुन्हा तोंड उघडलं. मी म्हटलं, “चाचा, भिंत कंबरेएवढी ठेवली असती तर भाएर उभी ऱ्हायली असती. तुमचा नियम मोडते ती भिंतीमुळं.” उत्तर ऐकायला मी थांबले नाही, निघालेच.

घरी जाऊन मी पत्र्याच्या डब्यात वाढवलेला सब्जा घेतला. गावाहून बी आणून लावला होता. पाण्याची बादली नवऱ्याने उचलली. आधी मी त्याला बुरुजाच्या जागेवर नेलं. फैलक्याला बघून आले होते ना, मला वाटलं मातीत पायाची खूण राहिली असेल, निदान रंग तरी वेगळा असेल. तिथे डांबरी रस्ता होता, कडेला कण्हेरी लावल्या होत्या, आणि त्यावरून मोटारी जात होत्या. माती दिसायलाही शिल्लक नव्हती. मी म्हटलं, “चला.”

कब्रस्तानाच्या फाटकाशी राखणदार होता. त्याने मला बघून हात वर केला. मी त्याच्या हाताच्या बाजूने आत गेले. बाईला हात लावून अडवायचं त्याच्या मनात येणं शक्य नव्हतं, हे मला ठाऊक होतं. सभ्य माणसांचा हा एक उपयोग असतो.

आत नवरा लाँचवर उभा राहतो तसा पाय फाकून उभा राहिला. एक डोळा मिटला. दोन पावलं डावीकडे सरकला, मग जरासा उजवीकडे, मग मागे बघत चालू लागला आणि थांबला. भिंतीच्या वर वेशीचा माथा दिसत होता, आणि मिनार बरोबर त्याच्या मधून वर आला होता.

“ही रेघ,” तो म्हणाला. “ह्या रेघेवर हाय ती. कुठं, ता माना सांगता येनार नाय.”

त्याने हाताने दाखवलं. पायांपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत ती रेघ गेली होती, आणि तिच्यावर, तिच्या आजूबाजूला, मोठ्या कबरींच्या मधे मधे लहान उंचवटे होते. हातभर लांबीचे. काही जवळजवळ बसलेले, नुसता फुगीर भास. किती तरी होते. एकट्या आमच्याच घरात मूल गेलं नव्हतं.

मी पहिल्या उंचवट्यापाशी बसले. सब्जाचा एक तुरा ठेवला, ओंजळभर पाणी ओतलं, फातिहा पढले. मग दुसऱ्यापाशी. मग तिसऱ्यापाशी. नवरा तसाच रेघ धरून उभा होता, हललो तर हीसुद्धा हरवेल असं वाटत असावं त्याला. बादली संपत आली तेव्हा मी त्याला म्हटलं, “या आता. मी धरलीय रेघ.” तेव्हा तो आला आणि माझ्या शेजारी बसून रडला. मुलगी गेल्यानंतर पहिल्यांदाच.

राखणदार मागून येऊन उभा राहिला होता. केव्हापासून ते माहीत नाही. त्याने विचारलं, यातलं तुमचं कुठलं?

मला अरबी बोलता येत नव्हती. बाजारापुरते काही शब्द येत. टोपलीतली सगळीच मासळी घ्यायची असली की कोळ्याला एक शब्द सांगायचा असतो, तेवढा मला पक्का येत होता.

“कुल्लु,” मी म्हटलं. सगळी.

त्याने बादली उचलली आणि पिंपातून भरून आणून दिली.